डाव्या इंजिनावरचा ठिपका

डाव्या इंजिनानं माझ्या तळहातांना एक हिसका दिला आणि लगेच ते पुन्हा सुरळीत फिरायला लागलं. अर्धा सेकंदसुद्धा नसेल. मंगळवारची सकाळ होती, साडेसात वाजले असतील. महेश कामावर जायच्या आधी आम्ही गच्चीवर त्याच्या रिमोटच्या विमानाची चाचणी घेत होतो. मी सतरंजीवर मांडी घालून विमानाची शेपटी दोन्ही हातांत धरून बसलो होतो आणि तो पुढे ओणवा होऊन मीटरवरचे आकडे वाचत होता. दोन्ही पंखे पूर्ण वेगात, शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर फडफडतेय, त्या गोंगाटात आवाजातला फरक कुणाला कळणार? मलाही तो आवाजातून कळला नाही. शेपटी एकदम उजवीकडे ओढली गेली, नाक डावीकडे वळू पाहत होतं, आणि मी पकड घट्ट करायच्या आत सगळं जागच्या जागी आलं. "हललं का काही, बाबा?" महेशनं मान वर न करता विचारलं. "काही नाही रे, पाय अवघडला," मी म्हटलं. पंखे थांबले. पोरगा खूश होता. दोन्ही इंजिनांचे आकडे जवळजवळ सारखे आले होते आणि जुळ्या इंजिनांच्या विमानात म्हणे तेच सगळ्यांत अवघड असतं. माझा पाय मुळीच अवघडला नव्हता.

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या चुका काढल्या, तोच माझा धंदा. सातपूरच्या एका कारखान्यात, जो आता बंद पडलाय आणि ज्याचं नाव घेऊन काही उपयोग नाही, मी तपासनीस होतो. लहानू पगारे हे माझं नाव हजेरीपुरतं. तिथं सगळे मला ठिपकेसाहेब म्हणायचे, तोंडावर साहेब आणि पाठीमागे नुसतं ठिपके. आम्ही बॉयलरला लावायच्या भोंग्याच्या पेट्या बनवायचो. आत वाफेचा दाब वाढला की भोंगा वाजला पाहिजे, एवढंच त्या पेटीचं काम. पेटीत तारांचे बारा जोड, प्रत्येक जोड सोल्डरिंगचा, आणि मी तपासून पास केलेल्या प्रत्येक जोडावर लाल लॅकरचा एक ठिपका. कारखान्यानं ठिपक्यासाठी ब्रश दिला होता. मी तो कधी वापरला नाही. ब्रशनं ठिपका फाकतो, त्याला केस येतात. मी काडेपेटीतली काडी बुडवायचो. काडीचा ठिपका मोहरीएवढा, गोल येतो आणि काडी उचलताना त्याला एका बाजूला बारीकशी शेंडी राहते. ती माझी सही. ठिपका पडला की त्या जोडाला कुणी हात लावायचा नाही, आणि पुढे काही वाकडं झालं तर ज्याचा ठिपका त्यानं उत्तर द्यायचं, असा नियम होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण होता.

विमानाचं खूळ महेशनं गेल्या वर्षी घरात आणलं. आमचं सिडकोतलं घर म्हणजे दोन खोल्या, वर गच्ची, आणि त्यातल्या एका खोलीत आता साडेचार फूट पंखांचं लढाऊ विमान. मुंबईहून मागवलेलं पापडासारखं हलकं लाकूड, पातळ ब्लेडनं कापलेल्या शेकडो फासळ्या, सगळीकडे डिंकाचा वास. खरं विमान साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या युद्धातलं, इंग्रजांचं, आणि तेही लाकडाचंच होतं म्हणे, सुतारांनी बनवलेलं. त्याचं नाव मॉस्किटो. मी म्हटलं, शाबास, अख्खं नाशिक चिकुनगुन्यानं वाकलंय आणि माझा मुलगा घरात डास पाळतोय. सूनबाई संजना खूप हसली. हसणं तिला सोपं होतं, यंदाच्या श्रावणात तो ताप तिला आला नव्हता. मला आला होता. आठ दिवसांत ताप उतरला, पण बोटांचे सांधे धरून बसला तो बसलाच. सकाळी चहाचा कप उचलताना दोन्ही हात लावावे लागतात. तरीही महेशनं बॅटरीवर चालणाऱ्या डाव्या इंजिनाच्या तारांचे तीन जोड मला दिले. "उजवीकडचे मी करतो, डावीकडचे तुम्ही करा, बाबा. तुमच्यासारखं सोल्डरिंग मला कुठं जमतंय," असं म्हणाला. मनगट टेबलावर टेकवून, श्वास धरून मी ते तीन जोड केले. मग संजनाकडून नखांना लावायची लाल बाटली मागून घेतली, काडी बुडवली आणि तीन ठिपके ठेवले. कारखाना सुटल्यावर चार वर्षांनी ठेवले. ठेवताना मला इतकं बरं वाटलं की लाज वाटावी.

आणि आता तो हिसका. मंगळवारी दिवसभर तो माझ्या हातातून गेला नाही. दुधाची पिशवी धरली की तिथं तो होता, पेपर उघडला की होता. कच्चा जोड कसा वागतो हे मला कुणी शिकवायची गरज नाही. तो बाहेरून धरलेला दिसतो, आकडेही बरोबर दाखवतो, आणि हादरे बसले की आत केसाएवढी फट उघडते, मिटते, पुन्हा उघडते. एक दिवस उघडते ती मिटतच नाही. एका इंजिनाचं विमान बंद पडलं तर तरंगत खाली येतं, पण दोन इंजिनांच्या विमानात एक बंद पडलं की चालू असलेलं दुसरंच त्याला गरगर फिरवून आपटतं, हे महेशनंच मला समजावून सांगितलं होतं. तीन किलो वजन, मोटारसायकलचा वेग, आणि पुढे चाकूसारखे दोन पंखे. ते उडवायचं होतं रविवारी, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, मखमलाबादच्या पुढे द्राक्षबागा संपतात तिथल्या माळावर. माळाला लागून सखुबाईंचं झेंडूचं शेत आहे. महेश आणि त्याचे मित्र तिथं लहान विमानं उडवायला जायचे तेव्हा मीही एकदोनदा गेलो होतो. फुलं तोडणाऱ्या बाया पाट्या खाली ठेवून बांधावर ओळीनं बसतात आणि तोंडाला पदर लावून वर बघतात. दसऱ्याच्या तोडणीला तर वीस-पंचवीस बाया असणार. म्हणजे मला फक्त तोंड उघडून सांगायचं होतं की डावा जोड कच्चा आहे, विमान उडवू नकोस. एवढं सांगितलं की काम झालं. पण ते सांगणं म्हणजे माझे हात संपले हे सांगणं. लहानू पगारेचा ठिपका आता खोटा असतो हे सांगणं. मंगळवार गेला, बुधवार गेला, मी सांगितलं नाही.

खरं म्हणजे तो पहिल्यांदा खोटा पडला त्याला बारा वर्षं झाली. ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेलो नाही. चौऱ्याण्णव सालचा जून. महिनाअखेर आली की माल लवकर काढायची घाई असायची आणि त्या घाईसाठी मी एक युक्ती काढली होती. नियमानं जोड बघायचा, मग ठिपका ठेवायचा, पुन्हा पुढचा जोड बघायचा. त्यात काडी खाली ठेव, भिंग उचल, भिंग ठेव, काडी उचल, असा वेळ जातो. म्हणून मी उलटं करायचो. आधी उघड्या पेट्यांच्या अख्ख्या पाटीतल्या सगळ्या जोडांवर एका दमात ठिपके ठेवून टाकायचे, मग भिंग घेऊन एकेक बघत जायचं आणि जो नापास होईल त्याचा ठिपका ब्लेडनं खरवडायचा. आधी ठिपका, मग नजर. निम्म्या वेळात पाटी होते. इतर कुणाला हे सुचलं नसतं, सुचलं असतं तरी धीर झाला नसता. माझी नजर पक्की म्हणून मला धीर झाला. त्या दिवशी एका पाटीवर ठिपके ठेवून झाले, भिंग हातात घेतलं, आणि गेटवरच्या शिपायानं हाक मारली: ठिपकेसाहेब, घरून फोन आहे. छाया, माझी बायको, कोपऱ्यावरच्या दुकानातून बोलत होती. महेशचा दहावीचा निकाल. एक्क्याऐंशी टक्के. आमच्या अख्ख्या घराण्यात तोपर्यंत कुणी साठ ओलांडले नव्हते. मी तसाच बाहेर गेलो, पेढे आणले, सगळ्या कारखान्याला वाटले. परत टेबलाशी आलो तेव्हा पाटी नव्हती. ठिपके दिसले म्हणून आमच्याकडच्या हंगामी कामगारानं, चिमाजीनं, ती उचलून पेट्या बंद करून टाकल्या होत्या. मी त्याच्याकडे गेलो. तो खोके बांधत होता. एका हातात सुतळी होती, दुसरा हात पेढ्यासाठी पुढे. "साहेब, पोरगा लय मोठा व्हनार बघा," तो म्हणाला. मी त्याच्या तळहातावर पेढा ठेवला आणि पेट्या उघड असं म्हटलं नाही. त्या आनंदात दहा खोके पुन्हा उघडायचे? एखादा जोड कच्चा निघेल तर निघेल, नाहीतर नाहीच, असं मनाशी म्हटलं. शब्द अगदी हेच नसतील, पण अर्थ हाच होता.

ऑगस्टमध्ये एक पेटी परत आली. कुठल्याशा कारखान्यात भोंगा वाजला नव्हता आणि एका कामगाराचा हात वाफेनं कोपरापर्यंत भाजला होता. त्या माणसाचं नाव मला कधी कळलं नाही. मीही विचारलं नाही. मालकांच्या टेबलावर पेटी उघडी पडली होती, आतला एक जोड सुटलेला, आणि सुटलेल्या टोकावर माझा ठिपका, शेंडीसकट. चिमाजीला बोलावलं होतं, कारण जोड त्यानं केला होता आणि पेटीही त्यानंच बंद केली होती. चिमाजी पेठकडचा, तिकडल्या डोंगरातला, हंगामी कामावर लागून तीन वर्षं झालेला. पुढच्या महिन्यात त्याला कायम करायचं चाललं होतं. तो माझ्याकडे वळला. भांडायला नाही, चपला कुणाच्या म्हणून विचारावं तसं त्यानं विचारलं, "साहेब, ठिपका तं तुमचाच हाय ना?" खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "ठिपका माझा आहे, म्हणूनच सांगतो. मी तपासला तेव्हा जोड चांगला होता. बंद करताना ओढला गेला असेल." किती सफाईदार वाक्य. मी आधी ठरवलेलंही नव्हतं, ते आपोआप तोंडातून आलं, जसं तीस वर्षांची नोकरी आपोआप बोलते. चिमाजीला त्याच दिवशी कामावरून काढलं. जाताना त्यानं आपल्या टेबलावरचा चिमटा पुसून जागेवर ठेवला.

पुढे मी त्याला एकदाच पाहिलं, दोन-तीन वर्षांनी, पेठ नाक्यावर. द्राक्षांच्या कामाला आलेली माणसं जीपमध्ये कोंबून परत चालली होती आणि तो मागच्या पायरीवर लटकलेला होता. त्यानं मला ओळखलं. हसला आणि दांडी सोडून एक हात वर केला. मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. जीप निघून गेली तरी मी घड्याळच बघत होतो. छायाला संशय होता. "त्या चिमाजीचं काय झालं हो? मागं तुम्ही सारखं त्याचं नाव घ्यायचात," असं तिनं एकदा विचारलं, आणि मी तिच्यावर खेकसलो. ती तीन वर्षांपूर्वी गेली. महेशला तर यातलं काहीच माहीत नाही. त्याच्या दृष्टीनं त्याचा बाप म्हणजे सातपुरातला सगळ्यांत काटेकोर माणूस. मित्रांना सांगतो तो, बाबांनी पास केलेली वस्तू कधी परत आली नाही.

गुरुवारी दुपारी महेश कामावर आणि संजना माहेरी भेटायला गेली तेव्हा मी विमानाच्या खोलीत शिरलो. ठरवून शिरलो. डावं इंजिन उघडायचं, आपलाच जोड आपणच गुपचूप पुन्हा करायचा, कुणाला सांगायची गरज नाही. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. इंजिनावरच्या टोपणाचे चार बारीक स्क्रू काढायला मला पाऊण तास लागला. दोनदा पेचकस हातातून पडला. टोपण निघालं. पारदर्शक नळीच्या आत तिन्ही जोड दिसत होते, तिन्हींवर लाल ठिपके. मी जुनं भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ काही कळेना. ठिपक्यांना शेंडी नव्हती. ठिपके फाकलेले होते, कडेला केस आले होते. नखांच्या बाटलीतल्या ब्रशनं ठेवलेले ठिपके. आणि खाली जोड पाहिले तर गोल, फुगीर, मंद राखाडी, भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. जाड तारेला लहान सोल्डर गननं उष्णता पुरत नाही, धातू वितळतो पण तारेत शिरत नाही, नुसता वर बसून राहतो. नवशिक्याची चूक. हे जोड माझे नव्हतेच. महेशनं माझे तीनही कापून टाकून स्वतः नवे केले होते आणि मला कळू नये म्हणून वर माझ्यासारखा ठिपका ठेवला होता.

पहिला आला तो राग. ठिपका पडलेल्या जोडाला हात लावलाच कसा? माझी सही मारतो, आणि तीही ब्रशनं? मग मी टेबलाखालचा बिस्किटांचा डबा उपसला, ज्यात तो तारांचे तुकडे टाकतो. तळाशी माझे तीन जोड सापडले, शेंडीच्या ठिपक्यांसकट. ते मी खिडकीत नेऊन भिंगाखाली धरले. तपासायला बसलं की मी कुणाचा नसतो, स्वतःचाही नसतो. पहिला चकचकीत, तार बरोबर भिजलेली, पास. दुसरा पास. तिसऱ्यात हात थरथरल्याची खूण स्पष्ट होती, धातू गार होताना तार हलली होती, आत भेग. नापास. मी तो हातात घेऊन बसलो. म्हणजे पोराचं बरोबर होतं. त्यानं तिसरा जोड पाहिला, बापाला काय सांगायचं म्हणून गप्प राहिला, आणि तिन्ही काढले. एकट्यानं, मी झोपलो असताना किंवा फिरायला गेलो असताना. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. त्याऐवजी एक भलताच विचार आला, आणि तोही सांगून टाकतो: आता हा जोड माझा नाही. विमान पडलं तर उत्तर मला द्यायचं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी भिंग पुसायला घेतलं. मालकांच्या त्या खोलीतून बाहेर पडताना असंच हलकं वाटलं होतं, अगदी हेच, पायऱ्या उतरताना.

मोठी सोल्डर गन काढून मी स्वतःच जोड करून बघणार होतो. तापवली. मनगट टेबलावर टेकवलं तरी टोक थांबेना, टाचणीएवढ्या जागेभोवती घिरट्या घालत राहिलं. पंखाचा कागद जाळला असता मी. गन बंद केली, टोपण बसवलं, स्क्रू घट्ट केले. संध्याकाळी महेश आला, चहा घेऊन माझ्याजवळ बसला. आता सांगावं असं मनात आलं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी उघडून बघितलं आणि तू माझ्यावर दया केलीस ते मला कळलं, आणि ती दयाही कच्ची निघाली, असं? तो एवढ्या आनंदात होता. रविवारी त्याचा मित्र अश्विन कॅमेरा घेऊन येणार होता, आणखी दोघं येणार होते. "आणि बाबा, सगळ्यांना सांगितलंय मी, डावं इंजिन तुमचं आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "चहात साखर कमी आहे." शुक्रवारी बोललो नाही. शनिवारीही नाही. भित्रा माणूस रोज नव्यानं भित्रा होत नाही, एकदा झालेला पुरतो.

रविवारी सकाळी माळावर कोवळं ऊन होतं आणि शेजारचा झेंडू नुसता पेटल्यासारखा पिवळा. बाया तोडणीला लागलेल्या, बांधावर भरलेल्या पाट्यांची ओळ. आम्ही विमान गाडीतून उतरवून पंख जोडले तशा एकेक जणी बांधावर येऊन बसल्या. सखुबाई पुढे आल्या, डोक्याला फडकं, हातात खुडलेली फुलं. मोठ्या आवाजाची, हसरी बाई. "आज खरंच उडनार हाय का, का निस्तं मांडून ठिवायचं?" त्यांनी विचारलं. अश्विन म्हणाला, "उडणार ना मावशी, तुमच्या डोक्यावरून नेतो." बाया हसल्या. सखुबाईंनी एक झेंडूचं फूल विमानाच्या पाठीवर ठेवलं, उद्या दसरा म्हणून, आणि परत जाऊन बांधावरच पाय सोडून बसल्या. ते फूल गडगडत खाली पडलं. महेशनं रिमोट गळ्यात अडकवला, पंख हलवून बघितले, शेपटी हलवून बघितली. मी त्याच्या मागे दहा पावलांवर उभा होतो. वारा झेंडूकडून येत होता, म्हणजे विमान वाऱ्यावर तोंड करून त्याच दिशेनं धावणार होतं, त्या बायांच्या दिशेनं. दोन्ही पंखे फिरायला लागले. माझ्या रिकाम्या तळहातांना पुन्हा तो हिसका जाणवला, आणि माझ्या घशातून आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. "थांब!"

पंखे थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मालकांच्या त्या खोलीत बघत होते तसे. "काय झालं, बाबा?" मी पुढे गेलो. "उडवू नको. डावीकडचा जोड कच्चा आहे." महेशचा चेहरा उतरला. "नाही बाबा, मी तपासलंय सगळं. आकडे बरोबर आहेत." "मंगळवारी गच्चीवर ते अडखळलं. मला कळलं होतं, मी बोललो नाही. उघड ते." अश्विननं पेचकस दिला. महेशनं गुडघ्यावर बसून टोपण काढलं, दोन बोटांनी मधली तार धरून हलकी ओढली, आणि ती तार जोडातून सुटून त्याच्या बोटांत आली. काहीही न तुटता, सहज. बांधावरून एका बाईनं विचारलं, "काय मोडलं का वं?" मग मी म्हटलं. चार दिवस घोकलेलं नव्हतं, पण या वेळी ते मुद्दाम म्हटलं, प्रत्येक शब्द नीट ऐकू जाईल असं. "माझा जोड आहे तो. डावं इंजिन माझं होतं. हात राहिले नाहीत आता माझे, मला कळायला पाहिजे होतं. ज्याचा ठिपका त्याचं उत्तर." अश्विननं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या काका, या वयात हात थरथरणारच. नशीब वर गेलं नाही." त्याचे दोघे मित्रही मान हलवत होते, म्हाताऱ्या माणसाकडे बघून हलवतात तशी. मला वाटलं, झालं. उशिरा का होईना, एकदा तरी दुसऱ्याचा जोड मी माझ्या नावावर घेतला. आत कुठंतरी जरासं समाधानही वाटलं, खोटं कशाला बोलू. पेठ नाक्यावरच्या त्या वर केलेल्या हाताला आपण काहीतरी दिलं असं वाटलं.

महेश अजून गुडघ्यावरच होता. सुटलेली तार त्यानं बोटांत धरली होती आणि तिच्याकडे बघत होता. मग तो उभा राहिला. पँटवरची माती झटकली नाही. "बाबांचा नाही हा जोड," तो म्हणाला. माझ्याकडे बघून नाही, अश्विनकडे बघून, त्या दोघांकडे बघून. मी म्हटलं, "महेश, असू दे." "नाही. बाबांनी केलेले तिन्ही जोड मी महिन्यापूर्वीच कापून टाकले. हे मी केलेत. ठिपकाही माझा आहे, संजनाच्या नेलपॉलिशचा. बाबांना वाटावं त्यांचाच आहे म्हणून लावला." कानाची पाळी लाल झाली होती त्याची, लहानपणी व्हायची तशी. "चूक माझी आहे. मावशी, आज नाही उडत. माफ करा." वेळ विचारल्यावर वेळ सांगावी इतक्या साधेपणानं त्यानं ते सांगितलं. कुणी विचारलंही नव्हतं. बाप स्वतः होऊन अंगावर घेत होता, गप्प बसला असता तर संपलं होतं. एवढं सोपं होतं ते? दोन शब्द, ठिपका माझा, आणि पुढे ते 'म्हणूनच' जोडायचं नाही, बस. बारा वर्षांत मला जे जमलं नाही ते मी वाढवलेल्या पोराला कुणी शिकवलं, कळेना. मी तर नाही. बांधावरच्या बाया उठून पुन्हा झेंडूत शिरल्या. सखुबाई म्हणाल्या, "पुढल्या ऐतवारी आना मंग, आमी हाय इथंच."

अश्विन आणि ते दोघं गाडीत सामान ठेवायला गेले. विमान आमच्या दोघांमध्ये उघड्या इंजिनाचं बसलं होतं. "तुम्ही उघडून बघितलं होतंत ना?" महेशनं हळू आवाजात विचारलं. "तुम्हाला माहीत होतं तुमचा नाही ते. मग तुमचा म्हणून का सांगितलंत?" मी त्याच्याकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांचा मुलगा, चष्म्यावर धूळ. तो माझी वाट बघत होता, आणि मला जे सांगायचं होतं ते ऐकल्यावर त्याच्याजवळचा तो सातपुरातला काटेकोर बाप राहणार नव्हता, आणि त्याला आयुष्यात मिळालेला सगळ्यांत गोड पेढाही तसा राहणार नव्हता. गप्प बसायला अजूनही जागा होती. मी जमिनीवर टेकलो, गुडघे दुखले. ते पडलेलं फूल उचलून विमानाच्या पाठीवर परत ठेवलं.

"तुझा दहावीचा निकाल लागला तो दिवस आठवतो का तुला?" मी विचारलं.

"हो. तुम्ही सगळ्या कारखान्याला पेढे वाटले होते."

"हो," मी म्हटलं. "बस इथं. चिमाजी म्हणून एक माणूस होता."